ओरे की न्यांदे

पिलारमध्ये जानेवारीत, दुपारी एक ते चार,
कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत.
त्या वेळात आम्ही तिघं शाळेच्या मागच्या खोलीत
यंत्राला ग्वारानी बोलायला शिकवतो.

जकात कचेरीने टाकून दिलेले सात संगणक,
पाचांत धुगधुगी आहे.
त्यांच्यावर लिनक्स चढवलं एर्मिनिओने.
चाळीस वर्षं गिरणीत मागांची दुरुस्ती केली त्याने,
अजूनही यंत्र उघडायच्या आधी
पँटला हात पुसतो.

पगार नाही. सही करायला हजेरीबुक नाही.
आई विचारते, मग मरायला जातेस कशाला उन्हाची?
मी सांगते, तिथे पंखा आहे.

अकरा हजार सहाशे चार ओळी.
जागा संपली. परवानगी नाही.
असली फाइल अस्तित्वात नाही.
रोज वीस व्हायच्या, कधी तीन.
'अपत्य प्रतिसाद देत नाही'
या ओळीशी एर्मिनिओ उठला,
तेरेरेत बर्फ घालून आणतो म्हणाला
आणि बराच वेळ आला नाही.
त्याचा मुलगा ब्वेनोस आयरेसला भिंती रंगवतो.
आल्यावर म्हणाला, लिही,
'अजून उत्तर आलेलं नाही.'
म्हटलं, मुळात 'अजून' नाहीये.
नसू दे, म्हणाला.

मग अडलो ते एका साध्या ओळीवर:
'आम्हाला छपाईयंत्र सापडलं नाही.'
आमच्याकडे 'आम्ही' दोन आहेत.
ओरे म्हणजे आम्ही, तू त्यात नाहीस.
न्यांदे म्हणजे आपण, तुला धरून.

एर्मिनिओ म्हणे, ओरे.
चूक यंत्राची, ती यंत्राने पदरात घ्यावी,
पोरांच्या गळ्यात कशाला?
देओलिंदाबाई म्हणाल्या, करवसुलीवाले ओरे म्हणतात.
दवाखान्यातली खिडकी ओरे म्हणते,
आणि मग खाली पडते.

याच शाळेत, सातव्या वर्षी,
ग्वारानी बोलल्या म्हणून
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकवले होते त्यांनी.
हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चिपा मोडता मोडता.
आता खुर्चीसाठी घरून उशी आणतात
आणि जाताना काखोटीला मारून नेतात.

एका सर्वनामापायी तीन शनिवार गेले.
दोनदा वीज गेली.
एकदा एर्मिनिओ रागावून निघाला,
फाटकाशी त्याची सायकल पंक्चर निघाली,
परत येऊन बसला.

शेवटी पाठवलं ते न्यांदे.
तपासणार होती ल्युब्ल्यानाची कुणी नेझ्का,
तिला आमच्या भाषेतला 'हो'सुद्धा येत नाही.
तिच्याकडे रात्र होती, बर्फ पडत होतं म्हणे.
अर्थाबद्दल तिने काहीच विचारलं नाही.
एवढंच लिहिलं:
चारशे बाराव्या ओळीत टक्क्याची खूण गळली आहे.
ती पुन्हा घाला.
तिथे कुणाचं तरी नाव येणार आहे.

देओलिंदाबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.
मग स्वतः, एका बोटाने,
कळफलकावर ती खूण शोधली.
पाचच्या डोक्यावर असते ती.
त्यांना वाटलं होतं, कुठेतरी खाली असेल.

मार्चमध्ये शाळा भरली.
तिसरीतल्या यानिनाने मगरीचं चित्र काढलं,
छापायची कळ दाबली.
पडद्यावर उमटलं:
आपल्याला छपाईयंत्र सापडलं नाही.

मी दारात होते. मला वाटलं,
आता ही 'बाई' म्हणून हाक मारणार.
तिने नुसता पडद्याकडे बघून
'थांब हां' म्हटलं,
आणि टेबलाखाली शिरली
शोधायला.